परतीची खबर

मामांच्या हातात माईक गेला की मी चहा करायला उठायचे. चहा उकळून, गाळून, पिऊन, कप विसळून परत खुर्चीत येऊन बसले तरी मामा त्याच गाडीशी बोलत असायचे.

"दोन नंबर, कंट्रोल बोलतोय. जयभीम! काम झालं का? कुणाला लागलं नाय ना? बरं. आता निवांत या. येताना काय दिसू राहिलं तेवढं सांगा."

आणि दोन नंबरचा ड्रायव्हर, भला माणूस, खरंच सांगायला लागायचा.

"मामा, करमाडला रस्त्याच्या कडंला टरबुजाचे ढीग लागलेत."

"रंग?"

"टरबुजाचा? हिरवाच की मामा."

"अहो, हिरव्यातबी प्रकार असतेत. गडद का पट्ट्यापट्ट्याचं?"

"पट्ट्याचं."

"हां! आता कसं!"

हे सगळं चालायचं कुठं, तर आमच्या कंट्रोल रूमच्या वायरलेसवर, ज्याच्यावर आगीचे बंब आणि अॅम्ब्युलन्स दोन्ही हलतात. मी तिथं आले होते जुनी वायरलेस काढून नवी डिजिटल यंत्रणा बसवायच्या कामावर. यंत्रं बसवायला काही त्रास झाला नाही. टॉवर उभे राहिले, सेट आले, गाड्यांत लागले. माणसांना शिकवायचं काम माझ्याकडं होतं, आणि त्या माणसांत मामा होते. सगळ्यात जुने ऑपरेटर. साहेबांपासून झाडूवाल्या बाईपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. मी पण म्हणायला लागले, आणि तिथंच फसले. मामा म्हटल्यावर ओरडता येत नाही.

ते मला राग आला की 'मॅडम' म्हणायचे आणि काही हवं असलं की 'ताई'. सकाळी आले की आधी माईक ओल्या फडक्यानं पुसायचे, मग कानातला हीना अत्तराचा बोळा काढून त्याच्या जाळीवर फिरवायचे. नव्या सेटलाही तेच. दुरुस्तीवाला माणूस सेट उघडून मला म्हणाला, "मॅडम, ह्याच्यातून निकाहचा वास येतोय." दुसरं म्हणजे नमस्कार. हवेवर नमस्कार घालायचा नसतो, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं. पण नाही. एका ड्रायव्हरला जयभीम, दुसऱ्याला रामराम, सलीमभाईंना सलाम, आणि एक पोरगा 'जय हरी' म्हणणारा होता तर त्याला जय हरी. घरच्यांचं विचारायचं ते वेगळंच. एवढं मात्र मी कबूल करते की गाडी आगीला निघताना मामा कधी पाल्हाळ लावत नव्हते. तेव्हा जागा सांगायची, काय झालं ते सांगायचं, बस. त्यांचा सगळा पसारा गाडी परत फिरली की सुरू व्हायचा. त्याला तिथले लोक 'परतीची खबर' म्हणायचे. काम संपवून येणाऱ्या प्रत्येक गाडीनं वाटेत दिसलेली एक गोष्ट सांगायची, आणि मामांनी तिचा रंग विचारायचा. शहागंजात खजुराच्या गाड्या लागल्या. टीव्ही सेंटरला जयंतीची कमान उभी राहिली. चितेगावला कंपनी सुटली, पोरं ट्रिपल सीट चाललीत. रंग? रंग? रंग?

हे कशासाठी ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण ते काही लपवलेलं नव्हतंच. मुकुंदवाडीत मामांच्या घरी एक जुना वायरलेस सेट होता. मोबाइल नव्हते त्या काळात अवेळी ड्यूटीवर बोलावता यावं म्हणून कुण्या साहेबानं दिलेला. साहेब बदलत गेले, सेट तिथंच राहिला. मामींची नजर साखरेच्या आजारानं गेली होती. पार गेली होती. त्या दिवसभर त्या सेटपाशी बसायच्या आणि आमचं चॅनेल ऐकायच्या. मामा आणि ड्रायव्हर मिळून त्यांना रोज गाव दाखवत होते. सगळ्यांना माहीत होतं. एक साहेब सोडून.

आता तुम्ही म्हणाल, किती छान. मी पण म्हटलं असतं, पण नवी यंत्रणा माझ्या गळ्यात होती ना! डिजिटलवर जे बोलाल ते कुलूप लागून जातं. नोंदलेला सेट असेल तरच ऐकू येणार, नाहीतर नाही. म्हणजे जुनं चॅनेल बंद झालं की मामींचा सेट मुका. नवा सेट मामांच्या घरी द्यावा म्हणून मी साहेबांना विचारलं होतं, खबरीचं काही न सांगता. हो, मीच विचारलं होतं. साहेब म्हणाले, "आज ह्यांना दिला तर उद्या सगळे मागतील. खात्याबाहेरच्या माणसाच्या हातात सेट? तुमच्या डोक्यात काय आहे?" संपलं.

मग मी मामांना म्हटलं, "मामा, मोबाइल आहे ना! दिवसातून चार वेळा फोन करा मामींना, सांगा काय काय दिसलं ते."

मामांनी माझ्याकडं असं बघितलं की मीच बिनडोक. "ताई, फोनवर मी एकटाच बोलंल. ह्याच्यावर सगळं गाव बोलतंय."

आता शिकवण्याचं. डिजिटल सेटचं बटण दाबलं की लगेच बोलायचं नाही. आधी 'टूं' असा आवाज येतो, मग बोलायचं. टूं व्हायच्या आधी बोललेलं कुणालाच ऐकू जात नाही, ते हवेतच राहतं. एवढी साधी गोष्ट. कालच नोकरीला लागलेल्यांना एका दुपारीत जमली. मामांना जमेना. ते बटण दाबायच्या आधीच तोंड उघडायचे. त्यामुळं जागेचं नाव गायब आणि नुसतं 'गाडी पाठवा' पुढं जायचं. कुठं पाठवा? देव जाणे.

"मामा, टूं होऊ द्या."

"टूं कामून होऊ द्यायचं? आग थांबती का टूं होस्तोवर?"

"आग नाही थांबत, पण तुमचे शब्द जातात ना!"

"मग असलं यंत्र आणलं कामून? जुनं बघा, दाबलं की बोललं. आन् हे मेल्यावाणी गप बसतंय. जित्तं हाय का मेलं हेच कळंना."

जुन्या सेटला सारखी खरखर असायची. मामांच्या मते ती खरखर म्हणजे श्वास. नवा सेट कुणी बोलत नसलं की एकदम शांत, आणि त्या शांततेवर मामांचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणून दर थोड्या वेळानं ते नव्या सेटवर 'ऐकू येतंय का?' म्हणून ओरडायचे, आणि रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या एकापाठोपाठ 'येतंय मामा, येतंय मामा' करायच्या. माझं डोकं उठायचं. शिवाय बढाया. "खरखरीवरून सांगतो गाडी कुठं हाय ते." एकदा माझ्यासमोर डोळे मिटून, मान डोलवत त्यांनी सांगितलं, "ही गाडी करमाडच्या पुढं गेली बगा." ती गाडी आमच्याच आवारात, पिंपळाखाली उभी होती. तिची एरियल तुटली होती. मामांना मी खिडकीतून गाडी दाखवली, तर म्हणाले, "मग आत्ताच आली असंल."

माझी अडचण अशी की सगळे ऑपरेटर नव्या सेटची परीक्षा पास झाल्याशिवाय जुनं चॅनेल बंद करायचं नाही असा नियम होता. परीक्षा म्हणजे काय, मी समोर बसणार, खोटा कॉल देणार, त्यांनी तो नीट पुढं पाठवायचा. एकेक करत सगळे पास झाले. राहिले मामा. मी परत परीक्षा घेतली. नापास. परत घेतली. नापास. साहेब मला रोज विचारायचे, "झालं का तुमच्या मामांचं?" जसं काही मी त्यांना माहेराहून आणलं होतं.

आणि मग चितेगावची आग लागली. एका कंपनीच्या रसायनांच्या गोदामात, भर दुपारी. मी जेवायला गेले होते. परत येते तर जिन्यातच मामांचा आवाज ऐकू आला, आणि मला तो ओळखूच येईना. जुन्या चॅनेलवर एका गाडीचं बोलायचं बटण दाबलेलंच अडकून बसलं होतं, त्यामुळं बाकी कुणाला तिथं बोलताच येईना. मामांनी नवा सेट हातात घेतला होता. बटण, टूं, जागा, काम, बस. दुसरी गाडी. बटण, टूं, जागा, काम. बंबांशी बोलायचा वेगळा गट, अॅम्ब्युलन्सला वेगळा, कुठं चूक नाही. नमस्कार नाही, रामराम नाही. आग विझेपर्यंत त्यांनी तो सेट असा चालवला की मी शिकवलेल्या एकालाही तसा चालवता आला नसता. मी दारातच उभी राहिले.

सगळं आटोपल्यावर मी आत गेले. "मामा! येतं की तुम्हाला!"

"कुठं काय," मामा म्हणाले आणि माईक पुसायला लागले.

मी त्याच दिवशी संध्याकाळी परीक्षा घेतली. त्यांनी टूं व्हायच्या आत सगळा पत्ता बोलून टाकला आणि माझ्याकडं बघत बसले. असा संताप आला मला! किती दिवस मी घसा फोडत होते, घरी जाऊन नवऱ्याला सांगत होते की एका म्हाताऱ्या माणसाला बिचाऱ्याला जमत नाही. बिचारा!

"तुम्ही मुद्दाम नापास होताय."

मामांनी नाही म्हटलं नाही. "मी पास झालो की जुनं बंद. जुनं बंद झालं की ती काय भिंतीकडं बघत बसंल? तिला तर भिंतबी दिसत नाय." मग हळूच, "रिटायर होस्तोवर चालू द्या ना ताई. मग मी घरीच हाय की तिच्यापाशी."

मी काय करणार होते? साहेबांना म्हटलं, अजून थोडी तयारी राहिलीय. पण दोन यंत्रणा एकत्र चालवणं म्हणजे डोक्यावर टांगती तलवार, हे मला कळत होतं, आणि मामांनाही कळत होतं. झालंच तसं. जालना रोडवर ट्रक उलटला. पुढं गेलेल्या बंबानं जुन्या चॅनेलवर सांगितलं की रस्ता बंद आहे, आतल्या बाजूनं या. मागून येणारी अॅम्ब्युलन्स नव्या सेटवर. तिला ते ऐकूच गेलं नाही, आणि ड्यूटीवरच्या ऑपरेटरच्या हातात तेव्हा दुसराच कॉल होता, त्यामुळं निरोप पुढं गेलाच नाही. अॅम्ब्युलन्स थेट गर्दीत जाऊन अडकली. ट्रकचा क्लीनर तिकडं रस्त्यावर विव्हळत पडलेला. वाचला तो, पण सलीमभाई बंबावर होते, ते परत आल्यावर मामांपाशी येऊन एवढंच बोलले, "मामा, मेरा हाथ पकडके बैठा था वो. गाडी नै आरी, गाडी नै आरी, यही बोलरा था."

त्या दिवशी मामांनी सलीमभाईंना परतीची खबर विचारली नाही.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. "ताई, मला कळत नाय असं नाय. होतो मी पास. पण तिला तुम्ही सांगा. माझ्यानं नाय सांगवणार."

"मी? मामा, तुम्ही दिवसभर अख्ख्या जिल्ह्याशी बोलता!"

"जिल्ह्याशी बोलणं सोपं हाय," मामा म्हणाले.

म्हणजे हेही माझ्याच गळ्यात. गेले मुकुंदवाडीला. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि फोटोंच्या खाली टेबलावर तो सेट. मामी त्याच्यापाशी खुर्चीत बसलेल्या. अंगानं बारीक, आवाज मात्र खणखणीत. "ये माय, बस. तूच ना ती, टूं टूं शिकवणारी?"

मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. "थांब जरा." सेटवर बिडकीनहून परतणारी गाडी बोलत होती. कुणाच्या तरी शेतात सूर्यफूल आलंय म्हणे, नजर पोचंल तिथवर. मामी मान पुढं करून ऐकत होत्या. मामांनी रंग विचारला नाही, त्यांचं लक्ष नसावं. तर मामीच पुटपुटल्या, "पिवळं. भगभगीत पिवळं." मग माझ्याकडं तोंड करून म्हणाल्या, "हां, बोल आता."

मी सगळं सांगितलं. परीक्षा, नापास होणं, चितेगाव, जालना रोडवरचा तो क्लीनर. मला वाटलं रडतील. त्या आधी हसल्या. "नापास? हा माणूस?" मग चेहरा एकदम बदलला.

"म्हंजे माझ्या करमणुकीपायी लोकं रस्त्यावर पडून राहायलेत व्हय?"

"तसं नाही मामी, एकदाच..."

"एकदा झालं ते लई झालं." त्यांचे हात मांडीवर एकमेकांत गुंतले होते, ते सुटत नव्हते. "आन् हे सांगायला तुला धाडलं? सोताला तोंड नाय? येऊ दे घरी." मग सेटकडं तोंड करून त्यांनी विचारलं, "बंद झाल्यावर ही खरखरबी नाय येणार का?"

"खरखर येईल मामी. पण तिच्यात कुणी बोलणार नाही."

"मग नुसती खरखर घेऊन काय करू?" मामी म्हणाल्या. मला चहा दिल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. स्वतः उठून, चाचपडत केला, आणि माझ्यापेक्षा चांगला केला.

घरी काय झालं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मामा तोंड पाडून आले, कुणालाही नमस्कार न करता खुर्चीत बसले आणि म्हणाले, "घ्या मॅडम परीक्षा." एका दमात पास. बोट ठेवायला जागा नाही. "झालं समाधान?" म्हणाले. मला काडीचंही समाधान झालं नव्हतं.

जुनं चॅनेल बंद करायचा दिवस ठरला. साहेबांना समारंभाची हौस. सकाळी सगळ्या गाड्या आपापल्या केंद्रांवर उभ्या, त्यांच्यातले जुने सेट शेवटचे चालू केलेले, टेबलावर पेढे. आणीबाणीचं काम त्याआधीच नव्या यंत्रणेवर नेलेलं, त्यामुळं कुणाचं काही अडणार नव्हतं. सगळ्यात जुन्या ऑपरेटरनं 'हे चॅनेल बंद होत आहे' असं तीनदा सांगायचं आणि स्विच बंद करायचा, असं ठरलं होतं. मामा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. त्यांनी माईक पुसला, अत्तर लावलं आणि पहिल्यांदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्या वेळी बटण दाबलं, आणि म्हणाले:

"एक नंबर, कंट्रोल. काय दिसू राहिलं?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी मामांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी तो झटकला.

एक नंबरचा ड्रायव्हर बावचळला. गाडी आवारातच उभी, दिसणार काय? "मामा, भिंत दिसू राहिली."

"रंग?"

"पिवळी."

"दोन नंबर?"

"पाण्याची टाकी हाय, मामा. निळी."

"सलीमभाई, तुमच्याकडं?"

"मामा, दीवार है इधर बी। सफेद। ऊपर से जरा काली।"

सगळ्या गाड्या झाल्या. मामा परत एक नंबरवर आले, त्या भिंतीवर काही लिहिलंय का म्हणून विचारायला लागले. साहेबांचा चेहरा लाल झाला होता. मला मामांचा माईक हिसकावून घ्यावासा वाटत होता, आणि त्या ड्रायव्हरनं भिंतीवर पुराण लिहिलेलं असावं असंही वाटत होतं.

तेवढ्यात स्पीकरमधून बाईचा आवाज आला. खणखणीत.

"अहो. मी बोलू राहिले."

मामा खुर्चीतून अर्धे उठले. इतकी वर्षं तो सेट घरात होता, पण मामींनी त्याचं बोलायचं बटण कधी दाबलं नव्हतं. खात्याचा माल, हात लावायचा नाही, अशी मामांचीच ताकीद होती.

"किती लांबण लावता! त्या भिंती पाठ झाल्या मला. लोकं खोळंबलेत तिथं. करा आता बंद." मग थोडी खरखर, आणि परत तोच आवाज, पण आता तसा खणखणीत नाही. "लई दाखवलं मला सगळ्यांनी. लई दाखवलं. सुखी राहा रे पोरांनो." परत खरखर. "मी हाय घरी. या तुम्ही."

मामांनी माईक तोंडापाशी नेला. मला वाटलं, आता हा माणूस दुपारपर्यंत बोलणार.

"व्हय," मामा म्हणाले. "येतो."

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं स्विच खाली केला.

तिसऱ्यांदा सांगायचं राहिलं, असं साहेब म्हणाले. कुणी लक्ष दिलं नाही. मामांनी पेढा घेतला, कागदात बांधला, खिशात टाकला आणि कुणालाही न विचारता घरी निघून गेले. मी मागच्या नळावर जाऊन तोंड धुतलं, परत धुतलं, डोळ्यांचं पाणी थांबेचना. आणि इतक्या महिन्यांत आला नव्हता एवढा राग मला तेव्हा मामांचा आला.